आमची शाळा कोणाच्या ताब्यात आहे, ते एकदा लेखी सांगा

प्रति,
महाराष्ट्रातील 29 महानगरपालिकांचे नवनिर्वाचित सदस्य, आयुक्त आणि शिक्षण विभागाचे प्रशासन अधिकारी

विषय : महापालिका शाळांचा कारभार आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे अधिकार

सप्रेम नमस्कार.

मी एका महापालिका शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. मीही याच शाळेत शिकले. तेव्हा पट एवढा होता की शाळा दोन वेळा भरायची आणि आम्ही दुपारच्या मुली होतो. सकाळची शाळा सुटायची आणि आमची घंटा व्हायची, त्या पंधरा मिनिटांत गेटवर पाय ठेवायला जागा नसायची. आज पट 312 आहे. शहराचं आणि शाळेचं नाव इथे घालत नाही. आमच्या मोठ्या बाईंना निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, माझ्या पत्राचा जाब त्यांना द्यावा लागू नये, एवढंच कारण. नाव सांगून काम होणार असेल तर तुमच्या समोर येऊन सांगेन.

15 जानेवारी 2026 ला आम्ही मतदान केलं. त्याच महिन्याच्या शेवटी एका सोमवारी मुलं शाळेत गेली, तर जिन्यातून लोखंडी कपाटं वर चढवली जात होती. तिसऱ्या मजल्यावरच्या चार वर्गखोल्या प्रभाग कार्यालयाच्या एका विभागाला ‘तात्पुरत्या’ दिल्या होत्या. विज्ञानाचं साहित्य खोक्यांत भरून व्हरांड्यात ठेवलं होतं. सहावी आणि सातवी एका खोलीत आली, मध्ये फळा उभा करून. आठवडाभराने पालकांच्या गटावर दोन ओळींचा निरोप आला : जूनपासून आठवीचा वर्ग भरणार नाही, मुलांची नावं दुसऱ्या शाळेत वर्ग करण्यात येतील. ती शाळा अडीच किलोमीटरवर आहे. राज्याच्या नियमात सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरचं अंतर चालतं, म्हणून कागदावर हे बसतं. मध्ये सहापदरी रस्ता आहे आणि त्याला पादचारी पूल नाही, ते कागदावर दिसत नाही. माझ्या मुलीच्या वर्गात 17 मुली आहेत. त्यांतल्या पाच जणींच्या घरी आत्ताच ठरलंय, की सातवी झाली की पुरे.

हा निर्णय कोणी घेतला, हे विचारायला मी निघाले. मोठ्या बाई म्हणाल्या, मला फक्त खोल्या रिकाम्या करायचं पत्र आलं. पत्र शिक्षण विभागाचं होतं. शिक्षण विभागात कळलं, इमारत आमची नाही, ती भवन विभागाची, आम्ही फक्त शाळा भरवतो. भवन विभागात सांगितलं, आम्ही बांधतो आणि दुरुस्त करतो, जागा कोणाला द्यायची ते मालमत्ता विभाग बघतो. मालमत्ता विभागाने प्रभाग कार्यालयाचं मागणीपत्र दाखवलं. प्रभाग कार्यालय म्हणालं, आम्ही जागा मागितली, शाळेतली मागितली नव्हती. आठवीबद्दल विचारलं तर उत्तर आलं की शिक्षक मिळत नाहीत, आणि शिक्षक देणं राज्य शासनाच्या हातात आहे. अकरा दिवस, सहा कार्यालयं. मी एका सहकारी बँकेत काम करते, त्यातली चार दिवसांची रजा यात गेली. एक सांगते, या सगळ्यांत माझ्याशी कोणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरतं खरं सांगितलं. तरी 312 मुलांच्या शाळेच्या चार खोल्या गेल्या, एक वर्ग गेला, आणि त्याचा निर्णय घेतलेला माणूस मला सापडला नाही.

म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

आमच्या शाळेचा कारभार कसा वाटला गेलाय ते पाहा. शिक्षकांची पदं किती, हे संचमान्यतेत ठरतं. ती आधार जुळलेल्या पटावरून होते, राज्याच्या निकषाने. रिक्त जागा पवित्र पोर्टलवरून भरल्या जातात, राज्याच्या वेळापत्रकाने. इमारत, वीज, पाणी आणि सफाई ही महापालिकेची चार वेगळी खाती. खिचडी बाहेरच्या स्वयंपाकघरातून येते. अनुदान समग्र शिक्षा योजनेतून, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून. आमच्या पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे वर्षाला 75 हजार रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान आहे, त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर नावाची ओळ असते. 1962 च्या कायद्याने लावलेला हा कर महापालिका गोळा करते आणि राज्याकडे भरते. कर भरणारे आम्ही, मुलं आमची, आणि शाळेत काय चाललंय हे एका जागी बसून सांगू शकेल असा एकही माणूस या रचनेत नाही.

पूर्वी निदान एक दार होतं. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने महापालिकांमध्ये शिक्षण मंडळं होती. माझे वडील एकदा बाकांची तक्रार घेऊन मंडळात गेले होते आणि तिथल्या सदस्याने शाळेत येऊन बाकं मोजली होती, हे मला आठवतं. त्या मंडळांमध्ये सगळं स्वच्छ होतं असं मी म्हणत नाही. साहित्यखरेदीवरून आरोप झाले, ते वर्तमानपत्रांत आम्ही वाचले. शिक्षण हक्क कायदा आल्यावर राज्याने 2013 मध्ये तो जुना कायदा रद्द केला आणि मंडळांचा काळ संपला. मंडळं परत आणा अशी माझी मागणी नाही. पण ती गेली तेव्हा त्यांच्या जागी काय आलं? मुंबईत शिक्षण समिती कायद्यानेच आहे. बाकी महापालिकांत ती नेमायची की नाही हे तुमच्या सर्वसाधारण सभेवर राहिलं. मग सभाही राहिली नाही. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरात 2020 पासून, मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरला 2022 पासून लोकांनी निवडलेलं कोणी सभागृहात नव्हतं. प्रस्ताव आयुक्तांचा आणि प्रशासक म्हणून मंजुरीही आयुक्तांचीच. 2022 च्या जूनमध्ये पहिलीत गेलेलं मूल आता चौथीची परीक्षा देईल. माझा मुलगा त्यातलाच. त्याचं जवळजवळ सगळं शालेय आयुष्य प्रशासकाच्या काळात गेलं.

घटनेत पाहिलं तरी शहरातल्या पालकाला खटकावं असं काही आहे. 1992 च्या दुरुस्त्यांनी ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना कामांच्या दोन याद्या दिल्या. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय : प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत शाळा हा शब्दच नाही. तिथे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं एवढाच उल्लेख आहे. आमच्या मुलांचं शिक्षण बागा-कारंज्यांच्या शेजारी जाऊन बसलं. पण यावरून तुम्हाला हात झटकता येणार नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये प्राथमिक शाळा चालवणं आणि त्यांना योग्य जागा देणं हे महापालिकेच्या बंधनकारक कामांत आहे. त्याच कामासाठी असलेल्या चार खोल्या आमच्या मुलांकडून काढून घेतल्या गेल्या. नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून 1918 च्या कायद्याने मिळाली, तेव्हापासून हे काम शहरांनी आपलं म्हणून घेतलेलं आहे.

आता आमच्या समितीबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया. कलम 22 सांगतं की समितीने शाळा विकास आराखडा करावा. पुढचं वाक्य मी आमच्या समितीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जी योजना आखेल आणि जे अनुदान देईल, त्याचा आधार हा आराखडा असेल. आधार असेल, असं म्हटलंय. ‘विचारात घेतला जाईल’ असं म्हटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तो आराखडा खरोखर केला. तीन शनिवार बसलो. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यांनी गच्चीची गळती कुठून येते ते दाखवलं. एकीची आई धुणीभांडी करते. तिने विचारलं, पाचवीपासूनच्या मुलींना पाळीच्या दिवसांत शाळेत पाणी नसतं, हे आराखड्यात येतं का? आम्ही ते पहिल्या क्रमांकावर घातलं. मोठ्या बाईंनी स्वच्छ अक्षरात तो लिहिला, आवक शिक्का घेतला, त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यानंतर दोन अंदाजपत्रकं झाली. त्यांतल्या एकाही लेखाशीर्षात आमच्या आराखड्यातली एक ओळ दिसली नाही. मात्र आम्ही न मागितलेले चार मोठे टीव्ही आले. त्यांतले दोन अजून खोक्यात आहेत, कारण त्या खोल्यांमधल्या वीजजोडणीवर त्यांचा भार चालत नाही.

गेल्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटली. मुली दोघी-दोघी जायच्या, एक आत, एक दार धरून बाहेर. मोठ्या बाईंनी पत्र दिलं, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. पाच महिने. कामाचा अंदाज करायला माणूस यायचा होता. शेवटी मी 180 रुपयांची कडी आणली आणि एका पालकांनी, ते सुतारकाम करतात, रविवारी येऊन ती बसवली. पुढच्या तपासणीत शेरा आला की परवानगीशिवाय इमारतीत काम केलं. त्या शेऱ्याने मला फार दुखावलं, आजही ते आठवलं की घसा दाटतो. ज्या समितीला शाळेवर देखरेख ठेवायला कायद्याने सांगितलंय, तिला दाराला कडी लावण्याचा अधिकार नाही.

पालकांच्या हाती काम दिलं तर ते बिघडेल, अशी शंका अधिकाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी असते. गणवेशाचं उदाहरण फार जुनं नाही. पूर्वी समग्र शिक्षेतून दोन गणवेशांचे 600 रुपये मिळायचे आणि समिती जवळच्या शिंप्याकडून, मापं घेऊन, कपडे शिवून घ्यायची. 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश वरून पुरवायचं ठरलं. अर्धं वर्ष होत आलं तरी ठिकठिकाणी मुलांना गणवेश नव्हते आणि आले ते मापात नव्हते, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने तो निर्णय बदलला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. चूक मान्य करून मागे येणं सोपं नसतं, आणि तेवढ्यासाठी मी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं. जे गणवेशाला लागू पडलं, ते कडीला, नळाला आणि वर्गखोल्यांना लागू का पडू नये?

माझी मावसबहीण शिकागोला असते. तिच्या मुलाच्या सरकारी शाळेत स्थानिक शाळा परिषद आहे. 1988 च्या कायद्याने तिथल्या शाळांना ती मिळाली. सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि मुख्याध्यापक. पालक सदस्यांना शाळेतले पालक आणि परिसरातले रहिवासी मत देऊन निवडतात, आणि ही परिषद मुख्याध्यापकाची निवड करते, त्याचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवते, शाळेच्या खर्चाला मंजुरी देते. त्या शहरात वरच्या शिक्षण मंडळावरून महापौर आणि लोक यांच्यात किती वर्षं ओढाताण चालली, तेही ती सांगते, तेव्हा तिथे सगळं छान आहे असं नाही. पण शाळेचा दरवाजा पालकांसाठी उघडा राहिला. आम्हाला मुख्याध्यापक निवडायचे नाहीत. आमच्या शाळेच्या खोल्या काढून घेण्याआधी आम्हाला बोलावलं जावं, एवढंच हवं आहे.

शिक्षकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर खूप लिहून झालंय. आमच्याकडे मंजूर पदं 11, हजर आठ. त्या आठांतले दोघे मतदारयाद्यांच्या कामात अडकले होते, मग तुमच्या निवडणुकीत बहुतेक सगळेच. जनगणनेच्या घरयादीचं कामही यायचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम शिक्षकांना देता येतं, ते मला माहीत आहे. पण एकाच शाळेतले एवढे शिक्षक एकाच वेळी न्यावेत, असं त्या कलमात कुठे म्हटलेलं नाही. यादी करणाऱ्याने शाळेचा पट समोर ठेवला तर हे टळतं.

पट का घसरला, असं तुमच्यापैकी अनेक जण सभांमध्ये विचारता. इंग्रजी माध्यम हे एक कारण आहे, नाकारत नाही. पण आमच्या गल्लीतले जे पालक मुलं काढून घेतात, त्यांच्याशी मी बोलते. ते म्हणतात, खाजगी शाळेत फी घेतात पण कोणाला तरी जाब विचारता येतो, इथे विचारायचं कोणाला? त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर घेऊन जाता यावं, म्हणून मी ही धावपळ करते आहे. पट कमी म्हणून वर्ग बंद, वर्ग बंद म्हणून पट आणखी कमी, हे चक्र आमच्या डोळ्यांदेखत फिरतंय, आणि खोल्या रिकाम्या दिसल्या की त्या मागायला कोणीतरी येतंच.

तुमच्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

जिथे शिक्षण समिती नाही तिथे ती या वर्षीच नेमा, आणि तिच्यात प्रत्येक प्रभागातून एका शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाला बसवा. कायद्याने मताचा अधिकार देता येत नसेल तर कायम निमंत्रित म्हणून बसवा, पण बसवा. बैठक पालकांना पाहता यावी आणि इतिवृत्त आठ दिवसांत संकेतस्थळावर यावं.

कोणत्याही शाळेची खोली, मैदान किंवा वर्ग यांबद्दलचा निर्णय समितीच्या बैठकीत चर्चा झाल्याशिवाय आणि समितीचं म्हणणं लेखी नोंदल्याशिवाय होऊ नये. समितीचं म्हणणं अमान्य करायचं असेल तर कारण लिहून, सही करून करा. त्या सहीखाली नाव असेल तर मला सहा कार्यालयं फिरावी लागणार नाहीत.

शाळा विकास आराखडे अंदाजपत्रकाच्या आधी मागवा आणि प्रत्येक शाळेपुढे तिची रक्कम स्वतंत्र दाखवा. आज शेकडो शाळांचा खर्च एका ओळीत असतो आणि आमच्या वाट्याला काय आलं ते शोधूनही सापडत नाही. किरकोळ दुरुस्तीची ठरावीक रक्कम समितीच्या खात्यावर द्या. ती कशी खर्च झाली ते आम्ही गेटवर फळ्यावर लिहू, पावत्यांसकट. बाकं आणि पंखे देताना त्यांवर आपलं नाव रंगवण्याची पद्धत तुम्ही बंद केलीत तर आम्हाला आनंद होईल. तो पैसा आमचाच असतो.

प्रत्येक शाळेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमा, ज्याला इमारतीचं, पाण्याचं आणि शिक्षकांचं एकत्र विचारता येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे बालकाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तीन महिन्यांत तिचा निर्णय द्यावा लागतो. आमच्या शहरात अशी तक्रार घ्यायची कोणी, हेच ठरलेलं नाही. मी ती दोन ठिकाणी दिली. दोन्हीकडे शिक्का मिळाला, क्रमांक मिळाला नाही.

आणि आमच्या शाळेपुरतं : चार खोल्या 15 जूनच्या आत परत द्या आणि आठवीचा वर्ग चालू ठेवा. पाच मुलींचे पालक थांबले आहेत. मी त्यांना मे अखेरपर्यंत थांबा म्हणाले आहे.

आमच्या समितीची पुढची बैठक शनिवारी, 28 मार्चला दुपारी साडेतीनला आहे. तिसऱ्या मजल्यावरची खोली आता नाही, म्हणून तळमजल्यावर पहिलीच्या वर्गात बसतो. बाकं लहान आहेत, पण वर्गशिक्षिकेची खुर्ची आम्ही त्या दिवशी रिकामी ठेवू. आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांनाही मी वेगळं पत्र दिलं आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे.

आपली,
एक पालक
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती